महागडं रिव्हॉल्व्हर आणि चुकवायचा नेम

आमच्या ओबरहोल्झन गावात नेम धरून मारणारे पुष्कळ आहेत, पण नेम धरून चुकवणारा एकच. तो मी! गिस्बर्ट क्नापस्टाइन, ड्रायव्हिंग स्कूलवाला. अर्ध्या गावाला गाडी मी शिकवली. उरलेलं अर्धं गाव माझी गाडी दिसली की फुटपाथवर चढतं.

आता चुकवण्यात कसली मोठी मर्दुमकी, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. दर जुलैत आमच्या नेमबाज मंडळाचा उत्सव असतो. खांबावर लाकडी पक्षी, मागे गोळ्या अडवायला पोलादी पेटी. शेजारची गावं रायफलनं पाडतात, आम्ही पिस्तूल नाहीतर रिव्हॉल्व्हरनं. शेवटचा तुकडा ज्याच्या गोळीनं खाली येईल, तो वर्षाचा राजा! आणि राजा म्हणजे काय, तर अख्ख्या गावाला बिअर पाजायची आणि उत्सवाचा पूर्ण आठवडा गळ्यात चांदीची साखळी घालून मिरवायचं. म्हणून पक्ष्याचा मुकुट आणि पंख उडवायला सगळ्यांची झुंबड, आणि नुसतं धड लोंबायला लागलं की एकाचा गुडघा धरतो, दुसऱ्याला सासूचा फोन येतो. पण यादीत नाव घालून माघार घेतली तर नाचक्की. तेव्हा शहाण्या माणसानं गोळी झाडावी आणि अब्रूनं चुकवावी.

यंदा मी एक रिव्हॉल्व्हर घेतलं. साधंसुधं नाही! पलीकडच्या हेसेन प्रांतात एक कारागीर एकेक भाग हातानं घासून, जुळवून बनवतो, तसलं. गोळ्या भरायची चाकी गोल फिरते ती लोण्यासारखी. किमतीत बरी मोटार आली असती.

"आत काय रे, सोन्याची स्प्रिंग आहे?" एव्हाल्डनं विचारलं. एव्हाल्ड गावातला खाटीक. वीस वर्षं एकच जुनाट रिव्हॉल्व्हर वापरतो आणि त्याला 'म्हातारी' म्हणतो.

"जिथं नेम, तिथं गोळी. केसभर इकडे नाही की तिकडे नाही!"

"हे माझी म्हातारीपण करते की."

"तुझी म्हातारी गोळी घालत नाही, खोकते!"

मंडळाचा अध्यक्ष फर्डी मात्र कुतूहलानं वेडा झाला होता. खरं सांगायचं तर मीही. एवढे पैसे मोजल्यावर ते खरंच त्या लायकीचं आहे का, हे मला रात्रंदिवस जाणून घ्यायचं होतं. फर्डीनं युक्ती काढली. माझ्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर नाणं ठेवायचं आणि घोडा ओढायचा; यंत्र अस्सल असेल तर नाणं हलत नाही. फर्डीनं ओढला, नाणं हललंसुद्धा नाही! एव्हाल्डनं आपल्या म्हातारीवर ठेवलं, ते उडून माझ्या बिअरमध्ये. मग मी माझं घेतलं. नाणं टेबलाखाली.

"पंखा चालू आहे," मी म्हणालो.

"पंखा बंद आहे," फर्डी म्हणाला.

विषय तिथंच संपवला.

घरी एकच अडचण होती. माझी बायको रोझविथा. रिव्हॉल्व्हर घ्यायला ती हो म्हणाली, पण एका अटीवर: यंदा राजा व्हायचं नाही. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिनं लांगओग बेटावर समुद्राकाठी खोली घेतली होती, आणि नेमकी उत्सवाच्या आठवड्यात. राजाला गाव सोडता येत नाही.

"गिस्बर्ट, तू राजा झालास तर?"

"अगं, तेच तर सांगतोय! जुन्या रिव्हॉल्व्हरचा भरवसा नव्हता. हे सांगेन तिथं मारतं. म्हणजे सांगेन तिथं चुकवतंही!"

ती हसली. कपाटातून तिनं फुलाफुलांचा पोहण्याचा पोशाख काढला आणि बॅगेत वर ठेवला. मला फार बरं वाटलं.

उत्सवाचा पहिला दिवस. दुपारपर्यंत पक्ष्याचं धड एका ढलपीवर लोंबत होतं. यादीतले बाकीचे एकेक करून चुकवून गेले. एव्हाल्ड पुढे आला, ऐन वेळी मोठ्ठ्यानं शिंकला आणि गोळी थेट पेटीत. टाळ्या! मग फर्डीनं पुकारा केला, "क्नापस्टाइन!"

सगळं गाव पुढे सरकलं. मी महागड्या रिव्हॉल्व्हरचं कौतुक इतकं केलं होतं की बाजारातली पोरंसोरंही किंमत विचारत होती. आता फार लांबून चुकवलं असतं तर म्हणाले असते, पैसे पाण्यात गेले. तेव्हा ठरवलं, पक्ष्याच्या डावीकडे वीतभर. गोळी अशी जवळून जाईल की बघणाऱ्याच्या तोंडून 'अरेरे!' निघालं पाहिजे.

बाकावर रोझविथा स्ट्रॉबेरीचा केक खात होती. मी तिला डोळा मारला. वीतभर डावीकडे नेम धरला, श्वास रोखला, घोडा ओढला.

पक्षी धाडकन खाली!

बँड सुरू झाला. चौघांनी मला खांद्यावर घेतलं. "महाराज! महाराज!" तिकडे रोझविथाचा काटा तोंडापाशीच थांबला होता.

"मुद्दाम केलंस!" घरी पोचताच ती म्हणाली.

"शपथ घेतो! मी डावीकडे नेम धरला होता!"

"केसभर इकडे नाही की तिकडे नाही, कोण म्हणत होतं? आं? अख्ख्या गावाला तूच सांगितलंस!"

माझीच जीभ माझ्यावर उलटली. साखळी, बिअर, सगळं सोसलं असतं हो. पण तिला वाटत होतं की चार लोकांच्या टाळ्यांसाठी मी तिचा समुद्र विकला. ते काही मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आणि फर्डीला घेऊन मंडळाच्या नेमबाजीच्या हॉलमध्ये गेलो. "फर्डी, खरं काय ते एकदाचं बघ!"

फर्डीनं रिव्हॉल्व्हर वाळूच्या पिशव्यांवर टेकवलं आणि कागदावर चाकीभर गोळ्या झाडल्या. सगळ्या एकाच भोकात! फर्डीचे डोळे पाणावले. "गिस्बर्ट, किमतीची पै न् पै वसूल आहे रे!"

"आता मी," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून मधोमध नेम धरला.

कागदाला एक भोक उजव्या कोपऱ्यात पडलं. एक त्याच्या चौकटीला. बाकीच्या गोळ्या कुठं गेल्या ते आम्ही तिघांनी मिळून शोधलं, सापडल्या नाहीत.

रोझविथानं कोपऱ्यातल्या भोकात बोट घालून पाहिलं. मग तिचा चेहरा सैल झाला. "म्हणजे तू खरंच डावीकडे धरला होतास?"

"वीतभर!"

"अरे देवा," ती म्हणाली आणि पोट धरधरून हसली. "म्हणजे रिव्हॉल्व्हरही निर्दोष आणि तूही निर्दोष!"

माफी मिळाली, पण समुद्र तिनं सोडला नाही. बहिणीला घेऊन ती लांगओगला गेली. मी इथं साखळी घालून बिअर पाजत बसलो. शेवटच्या रात्री राजाचा नाच असतो. राणी हजर नाही म्हणून फर्डीनं आपली बायको हिल्डेगार्ड माझ्या हवाली केली. तिच्या पायाच्या अंगठ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि ती पांढऱ्या सँडल घालून आली होती. मला घाम फुटला. कोपऱ्यात जाऊन मी रोझविथाला फोन लावला. मागे लाटा ऐकू येत होत्या.

"तिच्या अंगठ्यावर पाय पडला तर काय करू गं?"

"जपून नाचणार आहेस का?"

"म्हणजे काय! फार जपून!"

"नको रे बाबा, मग नक्की पडेल. तू असं कर. अंगठ्यावर नेम धर, आणि संध्याकाळभर मुद्दाम पाय द्यायला जा."

मी तसंच केलं. हिल्डेगार्ड गावभर सांगत फिरते की इतक्या वर्षांत असा हलक्या पावलांचा राजा झाला नाही.