मंगळाच्या घड्याळाने राज्य राखिले, त्याची हकिकत

श्रीसूर्यनारायण आणि त्याभोवती फिरणारी समस्त ग्रहमंडळी सुप्रसन्न असोत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी, विज्ञानकथांचे वेड लागलेल्या मंडळींचे जे राज्य, ज्यास ना किल्ला ना खजिना, त्याचा वार्षिक मेळा एका शाळेत भरला, त्याची हकिकत ऐसी जे, राज्याचे सरलष्कर त्रिंबकराव सालोसाल घरच्या सतरंज्या आणोन मेळा भरवीत, परंतु नवे माणूस येई, व्याख्याने ऐके, कोपऱ्यात एकटेच चहा पिई आणि पुन्हा तोंड दाखवीत नसे, आणि जुने तेच ते वाद घालोन पिकले. तेव्हा त्रिंबकरावांनी जड अंतःकरणे ठरविले, की यंदा एकही नवे माणूस समारोपापर्यंत टिकले नाही तर मेळा कायमचा बंद. मग नव्यांस भुरळ पडावी म्हणोन एका थोर खगोलाचार्यांस व्याख्यानास पाचारिले, आणि अवधूतपंत म्हणोन यंत्रविद्येत निपुण गृहस्थ, त्यांनी हौसेने मंगळाच्या कालमानाचे घड्याळ करोन भिंतीस लाविले. मंगळाचा दिवस आपल्याहून चाळीस मिनिटे लांब, म्हणोन घड्याळही तितके सावकाश चाले. आणि रिवाज ऐसा घातला, की मंडळींनी पृथ्वीची घड्याळे व मोबाइल दारातील टोपलीत उतरवावे. जुन्यांनी आनंदे उतरविले. नव्यांस सांगण्याचे कोणास सुचले नाही, कारण नव्यांशी बोलण्याचा रिवाजच नव्हता.

दुसरे दिवशी दुपारी आचार्य वेळेवर आले, तो सभागृहात चार नवे लोक तेवढे, बाकी रिकामे. भिंतीवरील घड्याळ पाऊण तास मागे, आणि समस्त जुने सैन्य मागील ओट्यावर बटाटेवड्यांशी झुंजत होते. आचार्य संतापले, "आधी पृथ्वीवर या, मग मला बोलवा," ऐसे बोलोन रिक्षात बसोन निघोन गेले, आणि त्यांच्यासाठी आलेले नवे लोकही पांगले. त्रिंबकराव ओट्यावर परतले. म्हणाले, "पंत, वाटोळं केलंत! आता दुपारभर लोकांपुढे काय मी नाचू?"

पंत मान खाली घालोन म्हणाले, "घड्याळ मात्र अगदी बरोबर आहे हो."

तेव्हा हेमांगीबाई म्हणोन, टपालकचेरीत नोकरीस, दूरच्या गावाहून एकट्या आलेल्या, दोन दिवस कोणाशी चकार शब्द न बोललेल्या, त्यांनी ओट्यापाशी येऊन धीर करोन पुसिले, "काका, माझी आई संकष्टी करते. मंगळाला दोन चंद्र. तिथे उपवास कुठला चंद्र बघून सोडायचा?"

मग ओट्यावर जे रण माजले ते काय वर्णावे! एक म्हणे, थोरला चंद्र पाहावा. दुसरा म्हणे, तो तर पश्चिमेस उगवतो, आणि तेही दिवसातून दोनदा, मग दोनदा जेवावे काय. तिसरा म्हणे, धाकटा एकदा उगवला की अडीच दिवस मावळत नाही, तेव्हा जेवतच बसावे. पंतांनी वडा मंगळ केला, दोन मिरच्या चंद्र केल्या, आणि बोलता बोलता एक चंद्र खाऊन टाकिला. हेमांगीबाई सतरंजीच्या मधोमध येऊन हातवारे करोन भांडत होत्या, आणि हसोन डोळ्यांस पाणी आले होते. ऐसे प्रश्न त्यांनी आजवर मनातच ठेविले होते. गावी पुसावे कोणास?

इतक्यात त्रिंबकरावांस आठवले, की बाईंनी नोंदवहीत लिहिलेल्या गावाची शेवटची एसटी पाचाची. सांगावे तर राहिलेले एकुलते नवे माणूस जाते आणि राज्य बुडते. न सांगावे तर बाई अडकतात. तरी बोलले, "बाई, पळा! ते घड्याळ मंगळाचं. तुमची गाडी चुकेल."

बाईंनी मनगट वर केले. "माझं घड्याळ हातातच आहे, काका. मला कुणी काढायला सांगितलंच नाही. गाडी मघाशीच गेली." आणि वळोन पुसिले, "हां, तर धाकट्या चंद्राचं काय ठरलं?"

त्रिंबकरावांनी उपरण्याने डोळे पुसिले.

सारांश, आचार्य गेले, वडे सरले, राज्य राहिले. बाई पंतांचे घरी मुक्कामास गेल्या, तेथेही वाद मिटला नाही. पुढे रिवाज पडला, की नवे माणूस दिसताच त्यास सतरंजीवर मधोमध बसवावे. घड्याळ तेच ठेविले. इतिश्री.