धोंड्याच्या महिन्यातले जावई

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन कच्चं. चौथीनंतर हात लिहायचा विसरला, तेवढं सांभाळून घ्या.

आमचे जावई गाठ दिसली की थांबतात. दाव्याची असो, बाजेची असो. माझ्या जाऊबाईंची रेखा अमेरिकेत शिकायला गेली आणि तिथल्या गणिताच्या प्राध्यापकाशी लग्न करून बसली. ते जन्मानं तैवानचे, भातशेती करणाऱ्या घरातले. हुशारीवर अमेरिकेत गेले आणि गाठींचं गणित करत राहिले. कोणती गाठ सुटते, कोणती सुटत नाही, याचा त्यांना पगार मिळतो! एकदा कित्येक वर्षांचं गणित एका ओळीत चुकलं. माणसानं पुन्हा पहिल्यापासून मांडलं, मग मोठं नाव झालं.

मराठी रेखानं शिकवली, म्हणून बोलतात आमच्या चकलांबा गावासारखंच. रेखाबरोबर गावी आले त्याच दिवशी शेळीच्या दाव्याची गाठ सोडून बघत बसले. शेळी शेजारच्या मेथीत.

"ओ पावनं, शेळी गेली की!" शेजारीण ओरडली.

"कावून गेली?"

'का' म्हणायला आमच्या बोलीतलं 'कावून' त्यांच्या तोंडून ऐकून सगळे हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. लग्नापासून त्या जावयाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. धोंड्याचा महिना, म्हणून तेहेतीस अनारसे तळले, पण ताट माझ्या हाती पाठवलं. जावई दुखावून निघाले तर रेखाचं माहेर तुटेल, या धास्तीनं मी त्यांच्या ताटाशेजारीच बसून राहिले.

"काकू, हे कावून?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या वर्षी महिना जास्तीचा येतो. तवा जावयाला जेवू घालायचं."

"आमच्याकडंबी येतो तसला महिना. लेक आईला शेवया करून नेती. आईचं आयुष्य वाढतं."

"तुमच्या आईला कुणी नेल्या?"

"बहीण न्हाई मला. मी तिकडं गणित करीत व्हतो." अनारसा हातातच राहिला. "आई गेली."

मग उठले, चुलीपुढं बसले, शेवया शिजवल्या आणि वाटी घेऊन जाऊबाईंपुढं उभे राहिले. बाया पदराआड खुसखुसल्या, "बगा, जावयानं सासूला धोंडा केला!"

जाऊबाईंनी किती तरी वेळानं एक घास घेतला. तोंड वाकडं झालं.

"शेवयांत मीठ घालतं का कुणी?" सरळ जावयालाच विचारलं.

"माझी आई घालायची."



"मग असू द्या," जाऊबाई म्हणाल्या आणि वाटी संपवली.