दर अकरा सेकंदांनी टक

"पुन्हा आला," सासूबाई दारातून म्हणाल्या.

जावईबुवांनी कानावरचा हेडफोन सरकवला. "काय आला, आई?"

"टक. दर अकरा सेकंदांनी येतोय. तुम्ही वाजवताय ते छानच आहे हो, पण मधेच कुणीतरी नख कापतंय असं वाटतं."

तो टक जावईबुवांना सकाळपासून ऐकू येत होता. दुसऱ्या कुणाला तो ऐकू येणार नाही, अशी भाबडी आशा ते धरून बसले होते. सकाळी त्यांनी रेकॉर्डिंग बायकोच्या मोबाइलवर पाठवलं, तेव्हा ती नुसतं "छान" म्हणाली होती. पण सासूबाईंची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर म्हणून गेलेली. शंभर लाइनींतली एक खरखर हेरणाऱ्या बाईंच्या तावडीतून बिचारा टक सुटणार कसा?

प्रकरण साधं नव्हतं. गावातल्या दातांच्या डॉक्टरांना, बाहेर ताटकळणाऱ्या पेशंटांचं मन शांत राहावं म्हणून आठ मिनिटांचं संगीत हवं होतं. मुदत शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. ते डॉक्टरांना पसंत पडलं तर घरातली ही छोटी खोली जावईबुवांची. नाही पडलं तर सिंथेसायझर माळ्यावर, आणि तीन आठवडे हॉलमधल्या सोफ्यावर पाय मुडपून झोपणाऱ्या सासूबाईंची कॉट खोलीत. हा तह बायकोने घडवून आणला होता, त्यामुळे तो मोडायची कुणाची छाती नव्हती. आणि आज शनिवार होता, दुपारचे तीन वाजत आले होते.

सिंथेसायझरचा आवाज नव्या डिजिटल केबलने कॉम्प्युटरच्या साउंडकार्डमध्ये जात होता. जुन्या केबलने टक येत नसे, पण मागे सारखी बारीक घरघर येई. दातांच्या दवाखान्यात निदान संगीतात तरी घरघर नको, म्हणून ही केबल आणली, तर हिने टक आणला.

जावईबुवांनी आधी पंखा बंद केला. टक आला. मग त्यांनी जाऊन फ्रिज बंद केला.

"दूध नासेल," बायको म्हणाली.

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे गं."

दहा मिनिटांनीही टक जागच्या जागी होता आणि फ्रिज पुन्हा लावायचा राहून गेला. मग संशय मोबाइलवर गेला. त्यांच्या लहरी यंत्रात घुसतात म्हणे. जावईबुवांनी आपला आणि सासूबाईंचा मोबाइल लोखंडी कपाटात कोंडला, वर स्वतःचं मनगटी घड्याळही काढून आत टाकलं. बायकोपुढे हात पसरला, तर तिने नुसतं पाहिलं. तो हात त्यांनी तसाच मागे घेतला.

शेवटी नजर गेली ती सासूबाईंच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेलं हे घड्याळ सात मिनिटं पुढे असे, आणि सासूबाईंच्या मते बाकीचं जग सात मिनिटं मागे असे. यावरून घरात रोज एक तरी चकमक झडे.

"टक करणारी वस्तू घरात हीच आहे," म्हणत जावईबुवांनी त्याचा सेल काढला.

"पंधरा वर्षांत ते थांबलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

घड्याळ थांबलं, टक चालूच राहिला. मग जावईबुवांनी केबल दहादा काढून दहादा लावली, कॉम्प्युटर चारदा बंद करून चालू केला, टेबल भिंतीपासून ओढलं आणि परत ढकललं. घामाने निथळल्यावर त्यांनी निर्दोष घड्याळाला त्याचा सेल परत केला आणि ते मुकाट्याने खिळ्यावर टांगलं. काटे जुळवायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

टीव्हीचीही वायर काढून ठेवलेली, त्यामुळे सासूबाईंना करायला काही उरलं नव्हतं. त्यांनी सिंथेसायझरचं माहितीपुस्तक उचललं. ते अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं.

"बाराव्या पानावरचं वाचलंत का तुम्ही?"

"आई, ती पुस्तकं कुणी वाचत नाही."

"ते दिसतंच आहे. इथे लिहिलंय, दोन्ही यंत्रांच्या पोटात आपापलं घड्याळ असतं. दोघंही आपलंच चालवायला लागली की केसभर फरक पडतो. तो साचत जातो आणि मग टक होतं. आमच्या एक्स्चेंजमध्ये एकच मुख्य घड्याळ असायचं, बाकीची सगळी त्याच्या मागून चालायची. तुमच्यात कोण कुणाचं ऐकतं?"

जावईबुवांनी पडद्यावर पाहिलं. साउंडकार्ड स्वतःच्या घड्याळावर चालत होतं. सिंथेसायझरही स्वतःच्याच.

"कुणीच कुणाचं ऐकत नाही," ते ओशाळून म्हणाले.

"मग एकाला नमतं घ्यायला सांगा."

त्यांनी साउंडकार्डला सिंथेसायझरचं घड्याळ मानायला लावलं. दोघांनी श्वास रोखून मोजलं. अकरा गेले, बावीस गेले, मिनिट गेलं. टक नाही. जावईबुवांना मनापासून आनंद झाला, आणि तो सासूबाईंमुळे झाला याचं थोडं वाईटही वाटलं.

भिंतीवर सव्वाचार झाले होते. वेळच वेळ होता. सासूबाई सोफ्यावर आडव्या झाल्या. जावईबुवांनी खोलीला आतून कडी घातली, रेकॉर्डिंगच्या खिडकीने पडद्यावरची वेळ झाकून टाकली, सगळं नव्याने वाजवलं, वर बासरीचे चार सूरही चढवले आणि सव्वापाचला विजयी चेहऱ्याने बाहेर आले.

"चला, पाठवतो."

"काय पाठवतोस? साडेसहा होत आले," बायको म्हणाली.

"सव्वापाच झालेत," भिंतीकडे बोट दाखवून सासूबाई ठामपणे म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्या जावयाच्या बाजूने होत्या.

बायकोने मनगट दोघांच्या नाकासमोर धरलं. जावईबुवा मटकन सोफ्यावर बसले. त्यांना माळा दिसायला लागला.

"मग सांगायचं नाहीस?"

"दोनदा दार बडवलं. तू ते कानाला लावून बसलेला. मग सहाला दहा कमी असताना मीच पाठवलं, सकाळचं होतं ना माझ्याकडे, ते."

"अगं, त्यात टक आहे."

"मला कुठे ऐकू येतो?"

तेवढ्यात कपाटात मोबाइल वाजला. किल्ली सापडून तो बाहेर निघेपर्यंत दुसऱ्यांदा वाजत होता. डॉक्टर होते.

"ऐकलं तुमचं संगीत. लगेच लावलंसुद्धा. ते मधेच टक असं येतं ना..."

"माफ करा डॉक्टर, तो आता काढलाय."

"काढू नका हो. पेशंट तोच मोजत बसतात. पुढचा कधी येतो या नादात एका काकांना आपला नंबर आल्याचंही कळलं नाही. अशी आणखी चार द्या. फक्त टक बरोबर अकराव्या सेकंदाला हवा."

अशी खोली वाचली. नासलेल्या दुधामुळे रात्रीचा चहा तेवढा काळा प्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी जावईबुवांनी दोन्ही यंत्रांना पुन्हा आपापल्या घड्याळावर सोडलं आणि कान टवकारले. टक आला.

"तेरा," मागून आवाज आला. "काल अकरा होता. पुन्हा करा."

टक अचूक मोजणारे घरात तेवढे दोनच कान होते, आणि त्या कानांनी रोज तासन् तास दारात उभं राहणं काही गुडघ्यांना झेपलं नसतं. म्हणून सासूबाईंची कॉट सकाळीच खोलीत आली होती. तिच्यावर पाय लांब सोडून त्या बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर, नव्या खिळ्यावर, घड्याळ सात मिनिटं पुढे चाललं होतं.

जावईबुवांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी काटे सात मिनिटं पुढे सरकवले आणि पुन्हा वाजवायला घेतलं.