कागदावरचं उड्डाण

विमान उडवायला कोणीही शिकवेल. उड्डाणाची आखणी शिकवावी तर मीच! बेनी प्रांतातल्या त्रिनिदाद शहरी, आमच्या वैमानिक शाळेत एकोणीस वर्षं मी हे छातीठोकपणे सांगत आलोय. इंधन किती, वारा कुठून, वजन किती, ते विमानात ठेवायचं कुठे, हे माझा विद्यार्थी झोपेतही सांगतो. माझा एकच कडक नियम: आकडे मनाचे घ्यायचे नाहीत. उड्डाण कागदावरचं असलं तरी माहिती खरी हवी!

त्या गुरुवारी विमान खात्याचे इन्स्पेक्टर कायिसाया ला पास शहरातल्या मुख्यालयातून आले. माझी विद्यार्थिनी रायसा मेल्गार हिची परीक्षा ते घेणार होते आणि तिच्या उत्तरांवरून माझ्या शिक्षक-परवान्याचं नूतनीकरण ठरवणार होते. परवाना गेला तर पन्नाशीत मी मोटारसायकलवरून भाडी मारणार!

परीक्षा फक्त कागदावरची. उतरायचं ठिकाण म्हणून रायसाने सान फोर्तुनातो ही एस्तान्सिया, म्हणजे गुरांची वाडी, निवडली: दोन हजार गाई, अकरा माणसं आणि गवताची धावपट्टी. माझ्या नियमाला जागून तिने सकाळी सहालाच रेडिओवर विचारलं, "पट्टी कोरडी आहे का? नऊला निघायचं. माणसं तिघं, मागे जागा रिकामी."

आता बेनीत सकाळी सहाला रेडिओवर बोलणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं. घराघरांत कॉफीबरोबर सगळे सगळ्यांचं ऐकत असतात. आणि विमान रिकामं जाऊ देणं हे आमच्याकडे पाप!

पावणेनऊला चौदा मोटारसायकली धुरळा उडवत हँगरसमोर आल्या. पहिलीवर दोन्या तेओडोरा, म्हणजे आमच्या तेओडोराबाई, आणि त्यांच्या मांडीवर डुक्कर.

"कॅप्टन, हे माझ्या जावयाला द्या. खिडकीजवळ बसवा, त्याला मळमळतं."

"जावयाला?"

"डुकराला हो!"

मागून चीजचे गोल, घोड्याचं खोगीर, शिवणयंत्र, लग्नाचा तीन मजली केक!

"अहो, विमान जाणार नाहीये! ही परीक्षा आहे!"

"असं काय करता?" तेओडोराबाई दुखावल्या. "मागच्या महिन्यात माझा फ्रीज नेलात की!"

इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "शाळेच्या विमानातून फ्रीज?"

"छोटा होता," मी म्हणालो.

"देवमाणूस आहेत हो!" खोगीरवाला माझ्या मदतीला धावला. "माझं आख्खं वासरू नेलं, एक पैसा घेतला नाही! विचारा, इथल्या कुणालाही विचारा!"

चौदाही जणांनी साक्ष दिली. प्रत्येक स्तुतीबरोबर इन्स्पेक्टरांच्या वहीत एक ओळ वाढत होती. घाम माझ्या बुटांपर्यंत पोहोचला. आणि मी तोंड उघडलं, जे उघडायला नको होतं.

"साहेब, हे शैक्षणिक साहित्य आहे! वजनाचा धडा. मी खऱ्या वस्तूंवरच शिकवतो."

इन्स्पेक्टरांनी डुकराकडे बघितलं. डुकराने इन्स्पेक्टरांकडे बघितलं.

"उत्तम," ते म्हणाले. "मग वजन करा."

शेजारच्या खाटकाचा काटा आणला. डुक्कर एकतीस किलो. तेही तिसऱ्या प्रयत्नात, कारण पहिल्या दोन्ही वेळी त्याच्याबरोबर मीही काट्यावर पडलो होतो. रायसा मात्र शांत. सगळं तोललं, इंधन मिळवलं, माणसं मिळवली.

"चौऱ्याण्णव किलो जास्त होतात, साहेब."

"काय उतरवशील?"

क्षणात सगळ्यांनी आपापली वस्तू कवटाळली. केकवाली तर रडायलाच लागली. रायसाने यादीवरून बोट फिरवलं, थांबवलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"कॅप्टन, डुक्कर वजा जाता तुम्ही मघाशी अठ्ठ्याण्णव भरलात ना?"

"पोरी, मी तुझा शिक्षक आहे!"

"म्हणूनच तर. आकडे मनाचे घ्यायचे नाहीत."

"बरोबर!" इन्स्पेक्टर म्हणाले. "पास!"

तेवढ्यात रेडिओ खरखरला. "त्रिनिदाद, आम्ही सान फोर्तुनातो! पट्टीवरच्या गाई हाकलल्या, बैल कापला, बरगड्या निखाऱ्यावर आहेत! कुठे राहिलात?"

इन्स्पेक्टरांनी वही मिटली. ते स्वतः जुने वैमानिक. "शैक्षणिक साहित्य नेण्याला नियमात कुठेही मनाई नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "प्रात्यक्षिक पूर्ण करू. चल, रायसा."

विमान उडालं. डुकराला खिडकी मिळाली. मी चौदा मोटारसायकलींबरोबर खाली उभा राहून हात हलवला. दुपारी अख्ख्या बेनीने रेडिओवर इन्स्पेक्टरांचा आवाज ऐकला: बरगड्या अप्रतिम होत्या.

संध्याकाळी त्यांनी उतरल्या उतरल्या शिक्का मारला. परवाना दोन वर्षांसाठी वाढवला! अगदी तळाशी, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'शिक्षक बरोबर नसतानाही शिक्षण उत्तम चालते.'

परवाना मी कार्यालयात भिंतीवर लावलाय. फक्त चौकटीची खालची पट्टी जरा रुंद करून घेतली.