सालासकट

सुनेनं एवढंच सांगितलं होतं, "आई, त्या लाल चीजच्या फोडी करा, पण आधी वरचं साल काढा. ते मेणाचं असतं." सासूबाईंनी फोडी केल्या आणि साल तसंच ठेवलं. बाहेरून लालचुटूक, आतून पिवळं, जणू कलिंगड उलटं करून घातलेलं! काढायला हात होईना. 'खाणारा काढील की,' म्हणून त्यांनी बशी सजवली.

त्या संध्याकाळी सुनेच्या दुकानात बिअर आणि चीज जोडीनं चाखायचा कार्यक्रम होता, गल्लीतली ओळखीची मंडळी जमली होती. दुकान सुनेचं, जागा मालकांची. करार संपत आलेला आणि मालक जागा मोबाईलवाल्याला द्यायची म्हणत होते. सुनेनं त्यांनाच पहिला मान दिला होता. "एकदा चाखून बघा, मग काय ते सांगा."

मालक आले. चेहरा असा, की नुसतं बघून दुधाचं चीज व्हावं.

"घ्या मालक," सासूबाईंनी हौसेनं बशी पुढं केली, "माझ्या हातच्या फोडी आहेत."

मालकांनी फोड उचलली आणि सालासकट तोंडात टाकली. क्षणभर थांबले, सासूबाईंकडे पाहिलं आणि चावायला लागले.

सासूबाईंना एकदम साल आठवलं. आता सगळ्यांदेखत 'अहो, ते मेण' म्हणावं, तर मालकांची शोभा आणि दुकानाला टाळं!

"अगदी बरोब्बर!" त्या ओरडल्या. "जाणकार असंच खातात, सालासकट!" आणि स्वतः एक फोड तोंडात टाकली.

सुनेचे डोळे विस्फारले. सासूबाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं, की तिनंही मुकाट्यानं एक घेतली. मग मागं कोण राहतो? वाचनालयातल्या बाईंनी घेतली, न्हाव्यानं घेतली, शेजारच्या शिंपीकाकांनी तर दोन घेतल्या.

मेण तुटेना, गिळवेना. एका गालात मेण धरून सून सांगत होती, "आता वरून बिअरचा घोट घ्या. कडूपणानं जीभ धुऊन निघते, मग चीजची गोडी नव्यानं कळते." घोट सगळ्यांनी घेतला. पण बिअर बर्फासारखी गार! तोंडाच्या उबेनं मऊ झालेलं मेण जागच्या जागी घट्ट झालं. गोठ्यात रवंथ चालावा तसं अख्खं दुकान गप्प बसून जबडे हलवत होतं.

मालकांचा तर जबडाच बसला.

"आवडलं?" सुनेनं भीतभीत विचारलं.

"म्म्म!"

"मग करार वाढवणार?"

"म्म्म्म!" मालकांनी दोन्ही हात हवेत नाचवले.

"बघ, दोनदा हो म्हणाले," सासूबाई म्हणाल्या. पण मालकांचा चेहरा चीजच्या सालाहून लाल झाला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "अगं, कवळी चिकटली त्यांची! चहा टाक, कडकडीत!"

चहा आला. सगळ्यांनी बिअर बाजूला ठेवून फुरके मारले. मेण सुटलं. मालक भिंतीकडे तोंड करून रुमालाआड काहीतरी खटपट करत राहिले. मग वळले आणि दात वाजवून बघितले.

"हलत नाही!"

"काय?"

"कवळी! दातांच्या डॉक्टरला कधी जमलं नाही. आत मेण बसलंय, आता दगड फोडीन!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनी, तोंडात टाकताच कळलं होतं, मेण आहे म्हणून."

"मग थुंकलात का नाही?"

"एवढ्या हौसेनं दिलंत. सुनेपुढं तुमची फजिती झाली असती."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मी तुमची फजिती नको म्हणून खाल्लं!"

"आणि मी आईंची नको म्हणून," सून म्हणाली.

मालक खो खो हसले. कवळी जागची हलली नाही. "एकमेकांसाठी मेण चावणारी माणसं मला कुठं मिळायची? तो मोबाईलवाला नुसते चार्जर दाखवील. उद्या या सही करायला."

सुनेचे डोळे भरून आले. तिनं सासूबाईंचा हात घट्ट धरला. "आई, तुमचे आभार कसे मानू?"

"माझे कसले? त्या मेणाचे मान. आणि या सगळ्यांचे, बिचाऱ्यांनी निमूट चावलं."

तेवढ्यात शिंपीकाकांनी बशी पुढं केली. बशीत पिवळं चीज व्यवस्थित कापून, एका बाजूला रचून ठेवलेलं.

"आभार राहू द्या हो," ते म्हणाले. "आतला पिवळा गर मी काढून ठेवलाय. लाल मात्र झकास होतं. अजून आहे का?"