बादली डाव्या अंगाले

सकाळी दार उघडलं की समोरचे तायडेकाका ओरडतात, "ताई, बादली काहून सरकवली? मागच्या पानात डाव्या अंगाले हाय!"

बादली माझी, अंगण माझं, हुकूम काकांचा. हे निवृत्त चित्रकला शिक्षक आमची जठारपेठेतली गल्ली चित्रकादंबरीत उतरवतायत. संवाद नाहीत, मारामारी नाही. चौकटीमागून चौकट तीच गल्ली, वीट न् वीट, तारेवरचा माझा टॉवेलसुद्धा भोकासकट. सगळं काळ्या शाईत. रंग फक्त काकांच्या घराला, निळा. खरं घर मात्र गुलाबी आहे.

पुण्याहून बदली होऊन अकोल्यात आले तेव्हा मी हौसेनं त्यांच्याकडे शिकायला गेले. "आधी ईट काढा, माणूस मंग. ईट खोटी पडली का माणूस फसते," म्हणाले. मी इतक्या विटा काढल्या, की एक खोली सहज उठली असती.

एकदा पानं चाळताना मात्र अंगावर काटा आला. पहिल्या पानावर गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीपाशी ठिपक्याएवढी एक बाई. पुढच्या पानावर जवळ. मग आणखी जवळ. गल्लीतलं कुत्रं प्रत्येक चौकटीत तिच्याकडेच बघतंय.

"ही कोण?"

"आमची मंडळी. येऊन राहिली."

माझ्या पुणेरी कानांना वाटलं, आल्या आणि मुक्कामाला राहिल्या. "कधी आल्या? दिसल्या नाहीत."

"आली नाही वो, येऊन राहिली. रस्त्यात हाय."

शेजारच्या नसीमआपांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अवो, त्या त कवाच वारल्या." काकूंना विसरायला होत होतं. त्या दवाखान्यात असताना काकांनी त्यांना खूश करायला निळं घर गुलाबी रंगवलं. परत आल्यावर काकू फाटकातच थांबल्या. "हे मायं घर नाही," म्हणाल्या. पाय आत टाकेनात. शेवटी त्यांच्या भावानं धामणगावला माहेरी नेलं. तिथंच गेल्या.

काल दुपारी काका शेवटच्या पानावर होते. बाई माझ्या अंगणापर्यंत पोचली होती.

"ताई, आता घर चुकलं त ती वापस जाईन."

मी म्हटलं, "नाही चुकणार, काका."

त्यांनी खिडकीतून माझ्या अंगणाकडे पाहिलं. "तेवढी बादली सरकवता काय? तिच्या पायात येईन."

मी गेले आणि बादली उचलून आत ठेवली. बाहेर कुत्रं उठून गिरणीकडे बघत उभं राहिलं होतं. तिकडे बघायचा मला धीर झाला नाही.