खवल्यावरचं वय

आमच्या गावात मासा घेऊन गुरुलिंगप्पांच्या दुकानावरून जाणं म्हणजे करोडगिरीच्या नाक्यावरून चोरटा माल नेण्यासारखं होतं. किसन भोई टोपली घोंगडीखाली लपवायचा, तरी गल्ल्यावरून हाक यायचीच, "किसन, मरळ हाय का?" मग किसन निमूटपणे माशाचा एक खवला उपटून पळसाच्या पानावर ठेवायचा. अप्पा तो चिमट्यानं उचलून उन्हात धरायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि निकाल द्यायचे, "तीन उन्हाळे खाल्ले ह्यानं."

गंमत म्हणजे अप्पा कट्टर लिंगायत. मासा कधी चाखला नाही, कधी हातात धरला नाही. खवला पाहून झाला की चिमटासुद्धा राखेनं घासून ठेवायचे. किराण्याचं दुकान, कपाळाला भस्म, आणि ध्यास मात्र तळ्यातल्या मरळाचा.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांत मी तामलवाडीजवळच्या या गावी शाळामास्तर म्हणून आलो. अप्पांच्या दुकानामागची खोली मला राहायला मिळाली. खोलीला भाडं थोडं होतं, पण मरळाबद्दल ऐकून घ्यावं लागे. पूर्वी कधीतरी तळ्याची मोजणी करायला आलेला एक इंजिनिअर याच खोलीत उतरला होता. झाडाच्या बुंध्यासारखी खवल्यावरही वर्षांची वळी असतात, एवढं सांगून तो निघून गेला. पुढचं सगळं शास्त्र अप्पांनी स्वतः रचलं. आमचं तळं उथळ. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी उरायचं, मासा उपाशी पडायचा, वाढ खुंटायची आणि खवल्यावर एक वळं उमटायचं. पावसाळ्यात मात्र मरळ बेडूक काय, दुसऱ्याची पिलं काय, दिसेल ते गिळून हा हा म्हणता हातभर व्हायचा. "वाढ आन वय ह्ये दोन येगळे हिशेब हायत, मास्तर," असं अप्पा मला दर दोन दिवसांनी सांगत. शास्त्र खरं होतं का, हे विचारायला तो इंजिनिअर काही परत आला नाही.

या शास्त्रापायी अप्पांनी गावाशी बरंच वाकडं घेतलं. तळ्यात एक थोरला मरळ होता. तो पाटलांच्या आजोबांच्या वेळेपासून तिथं आहे आणि तळ्याची राखण करतो, असं सगळं गाव मानायचं. एका उन्हाळ्यात तळं आटलं आणि तो चिखलात सापडला. बायका हळदीकुंकू घेऊन निघाल्या. पाटील नारळ घेऊन आले. अप्पांनी चिमटा मागवला, खवला पाहिला आणि सांगितलं, "पाच उन्हाळे. त्याच्यापरीस तुमचा बैल म्हातारा हाय, पाटील." पाटलांनी नारळ परत नेला, आणि त्या वर्षी त्यांच्या घरचा गूळ दुसऱ्या दुकानातून आला. पुढं एकदा कुणाच्या तरी सोयरिकीत नवऱ्यामुलाचं वय बाविशीचं सांगितलं, तेव्हा अप्पा भर बैठकीत म्हणाले, "वय ऱ्हाऊ द्या, उन्हाळे किती खाल्ले ते इचारा." ती सोयरीक मोडली. पण माशाच्या बाबतीत असो की माणसाच्या, अप्पांनी कुणाचं वय महिन्यानंही इकडचं तिकडं केलं नाही, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करत.

घरात अप्पा आणि त्यांचा एकुलता एक मुलगा इरण्णा, दोघंच. बायको मुलगा लहान असतानाच गेली होती. बापलेकांत बोलणं बेतानंच. इरण्णाला मरळाचं वेड नव्हतं, आणि इरण्णाला कशाचं वेड आहे हे अप्पांनी विचारलं नव्हतं. एक दिवस तो सोलापूरला माल आणायला म्हणून गेला आणि परतलाच नाही. सरहद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांच्या कॅम्पात तो दाखल झाला, हे गावात सगळ्यांना कळलं होतं आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. अप्पांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त मरळावर जरा जास्त बोलू लागले.

मग एका दुपारी पोलिसांचा अमीन दोन शिपाई घेऊन दुकानात आला. मी तेव्हा तिथंच साखर बांधून घेत होतो. अमीन पोत्यावर बसला आणि लडका कुठं आहे म्हणून विचारू लागला. अप्पा म्हणाले, अक्कलकोटला मामाकडं शिकतो.

"उमर?"

"चौदा," अप्पा म्हणाले.

माझ्या हातातली पुडी सुटली. इरण्णाला एकोणीस सरलं होतं, मिशी फुटून जुनी झाली होती. अमीन हसला. त्याच्या माणसानं सांगितलं होतं की पोरगा दाराएवढा उंच आहे आणि एकटा पोतं उचलतो. मी अप्पांकडं पाहण्याचं टाळलं. अप्पांनी मात्र चष्मा कपाळावर सारला आणि आपलं शास्त्र मांडायला घेतलं. उथळ तळ्यातला मरळ बघा सरकार, खायला भरपूर मिळालं की दोन वर्षांत हातभर होतो. अंगावरून वय धरणारा फसतो. आमच्या खानदानात सगळेच असे लवकर वाढतात. वाढ आन वय ह्ये दोन येगळे हिशेब हायत.

अमिनानं माझ्याकडं मान वळवली. "मास्तर, सच है?"

"जी," मी म्हणालो. "चौदाच."

अमीन हुशार होता. त्याला हे पटलं असेल असं मला आजही वाटत नाही. पण तो एवढंच म्हणाला, इतकं कळतं तर खायला कोणता मरळ चांगला, ते सांग. "दोन उन्हाळ्यांचा," अप्पा लगेच म्हणाले, जणू रोज तेच जेवतात. किसन टोपली घेऊन जाताना शिपायांपायी दुकानाबाहेर अडकूनच पडला होता. अप्पा उठून गेले, टोपलीत हात घातला, एक ताजा मरळ दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि शिपायाच्या पिशवीत ठेवला. मंडळी निघून गेली.

अप्पा गल्ल्यावर येऊन बसले. हाताला माशाचा चिकट बुळबुळीतपणा तसाच. मी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही.

"पोरगं न्हाय आलं परत तर?" त्यांनी विचारलं.



पोलीस ॲक्शन झाली आणि इरण्णा आला. त्याच्या येण्याआधीच अप्पांनी शिंप्याकडून त्याच्यासाठी सदरा शिवून घेतला होता. माप पोरगा गेला तेव्हाचं नव्हतं. एवढ्या दिवसांत छाती किती रुंदावली असेल, बाह्या किती लांब लागतील, याचा सगळा अंदाज अप्पांनीच बांधला होता. शिंप्यानं विरोध केला नाही. इरण्णानं तोंड धुतलं आणि सदरा चढवला. तो खांद्यावरून खाली ओघळला. कॅम्पातल्या उपासमारीनं आणि तापानं पोरगं निम्मं झालं होतं.

अप्पा त्याच्या मागं गेले आणि पाठीवरचं जास्तीचं कापड चिमटीत धरलं. मग मुठीत. किती आत घ्यावं लागेल ते बघत असावेत, असं मला वाटलं.

"झालं का, अप्पा?" इरण्णानं तोंड न वळवता विचारलं.

"थांब जरा," अप्पा म्हणाले, आणि ते कापड मुठीत धरून तसेच उभे राहिले.